तेहतीस शेपट्या

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून लिहिणार.

खरं तर एक सप्टेंबरपासूनच लिहायचं होतं. वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली, आणि चांगलं पेन शोधायला उठले. पेनाऐवजी, मी ज्यांच्या तळघरात राहते त्या काकांच्या मुलाची जुनी गिटार सापडली. त्यात अकरा दिवस गेले. मग तार तुटली. तार आणायला गेले, तर दुकानाशेजारी फुकट सालसा शिकवत होते. असो. पाच आठवडे झाले.

लिहायचं कारण असं, की नोकरीतली वही वेगळी आहे. ती इंग्रजीत, आणि तिच्यात नुसते आकडे. त्या वहीत मी खोटं लिहायला लागलेय. म्हणून म्हटलं, कुठे तरी खरं लिहिलेलं असावं.

नोकरी ही: रोज सकाळी पिकल क्रीकच्या काठाने दीड मैल चालायचं आणि सॅमन मोजायचे. हे मासे समुद्रातून अंडी घालायला ओढ्यात चढतात आणि मग मरतात, म्हणून जिवंत किती, मेलेले किती. आजवर शून्य आणि शून्य. त्यातले सहा दिवस मी अंथरुणातूनच शून्य लिहिलंय. गेले असते तरी शून्यच दिसलं असतं ना!

ओढ्याचं नाव खरंच पिकल क्रीक. वरच्या अंगाला काकडीच्या लोणच्याचा कारखाना होता. तीस वर्षं त्याचं खारं, आंबट पाणी ओढ्यात जात होतं. कारखाना केव्हाच बंद पडला, पण मासे काही परत आले नाहीत. मग रस्त्यांवरचं तेल, टायरांचा भुगा, कुत्र्यांची शी. नऊ वर्षं साफसफाई चाललीय. पाणी आता स्वच्छ आहे म्हणतात. माशांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माणसं लिहून ठेवते.

पुरुषोत्तम काका. वय चौऱ्याहत्तर, मूळ पुण्याचे. आयुष्यभर विमानाच्या पंखांचे बोल्ट तपासले, आता ओढा तपासतात. त्यांनी इंडियन ग्रोसरीच्या बोर्डावर चक्क मराठीत कागद लावला होता. ‘ओढ्यावर चालणारी व्यक्ती पाहिजे. तळघर मोफत. काम सोपे. चिकाटी आवश्यक.’ मी सिॲटलला मैत्रिणीच्या लग्नाला आले होते. परतीचं विमान चुकलं आणि ढोकळा घ्यायला त्या दुकानात शिरले. चिकाटी सोडून सगळं माझ्याकडे होतं.

वल्लरी काकू. मालवणच्या. काका कडक शाकाहारी, त्यामुळे लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी मासा घरात शिरलेला नाही. काकूंची हॉटप्लेट गॅरेजमध्ये असते, गवत कापायच्या मशीनशेजारी. “ज्याला कधी तोंड लावलं नाही त्याच्यासाठी हा माणूस जीव टाकतो,” काकू म्हणतात. “आणि मी खाते, तर मला गॅरेज.”

आता पाइप. ओढा एका रस्त्याखालून गंजक्या पाइपातून जातो. पाइपाचं खालचं तोंड पाण्याच्या चार फूट वर लटकतंय, मोरीच्या नळासारखं. समुद्राकडून मासा आलाच तर इथवर येणार, उडी मारणार, थोबाड आपटून घेणार. काकांना तो पाइप काढून तिथे पूल हवाय. काउंटी, म्हणजे इथलं जिल्ह्याचं सरकार, पुलासाठी एका वर्षात एकच ओढा घेते. अट एकच: पाइपाच्या खालच्या बाजूला या मोसमात आलेला निदान एक मोठा सॅमन दिसला पाहिजे, जिवंत किंवा मेलेला, तीस नोव्हेंबरच्या आत. नाही दिसला तर पूल दुसऱ्या ओढ्याला.

“मग पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा,” मी म्हटलं. काका बूट चढवून ओढ्याकडे निघून गेले. नंतर काकूंनी सांगितलं. जानेवारीत दोघं मुलाकडे चाललेत, ओहायोत, डब्लिनला. काकांच्या हृदयात दोन स्टेंट आणि या घरात सोळा पायऱ्या. आयुषने तिकडे खोली रंगवूनसुद्धा ठेवलीय. काकांनी त्याला विचारलं, “जवळपास ओढा आहे का?” तो म्हणाला, “बाबा, गोल्फ कोर्समध्ये तळं आहे.” त्या दिवशी काका जेवले नाहीत.

म्हणजे काकांचा हा शेवटचा मोसम. आणि मोजायला ठेवलीय मला.

१५ ऑक्टोबर

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन. टॅकोमाला एकांकडे वंदना होती, तिथे गेले. ओढ्यावर नाही गेले. वहीत शून्य लिहिलं, पण ते मी खोट्यात धरत नाही.

संध्याकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून पप्पांचा फोन. “जय भीम, बेटा. नोकरी आहे अजून?” त्यांना यादी पाठ आहे: नर्सिंग असिस्टंटचा कोर्स चार महिने, सांता क्लाराला चहाचं दुकान सात आठवडे, एका गोदामात नऊ दिवस. मी म्हटलं, या वेळी टिकलेय, पप्पा. “काय करतेस नक्की?” मासे मोजते. “किती झाले?” अजून एकही नाही. मग म्हणाले, “मग तुला थकवा तर नसेल.”

२२ ऑक्टोबर

सलग तीन दिवस खरंच गेले. शून्य. खरं शून्य आणि खोटं शून्य, दिसायला दोन्ही सारखीच.

३१ ऑक्टोबर

पाऊस सुरू. एक बदक माझ्या मागे अर्धा मैल आलं. त्याचं नाव ठेवण्यात सकाळ गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हॅचरीत, म्हणजे जिथे सॅमनची पैदास करतात तिथे, अंडी काढून घेतलेले मेलेले मासे फुकट मिळतात. ते आणून ओढ्यात टाकायचे. ते कुजतात, त्यावर किडे वाढतात, किड्यांवर पिल्लं. म्हणजे आधी जेवण मांडायचं आणि मग पाहुण्यांची वाट बघायची. काकांनी परवानगी काढली होती. आम्ही व्हॅन घेऊन गेलो आणि चाळीस मासे आणले, एकेक माझ्या मांडीएवढा.

एकच नियम, तो काकांनी मला जाताना आणि येताना मिळून चार वेळा सांगितला. टाकण्याआधी प्रत्येकाची शेपटी कापायची. कारण काउंटीची बाई मेलेले मासेही मोजते. शेपटी नसली तर तिला कळतं, हा आणून टाकलेला. शेपटी असली तर हा स्वतः पोहत आलेला. “समजलं ना, नीना? शेपटी म्हणजे सही आहे.”

परत येईपर्यंत अंधार पडला, ओढ्याला पाणीही खूप. म्हणून आजची रात्र मासे गॅरेजमध्ये. काकू दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. “चव्वेचाळीस वर्षं एक पापलेट आणू दिला नाही. आणि आता चाळीस?”

काका म्हणाले, “हे खायचे नाहीत.”

“ते दिसतंयच. वास बघ.”

८ नोव्हेंबर, शनिवार

कुठून सुरू करू.

सकाळी काकांनी गॅरेज उघडलं. चाळीसच्या चाळीस मासे पिवळे! ओळीने मांडलेले, नीट, पोटातून सुद्धा चोळलेले. काकूंना रात्रभर वासाने झोप नव्हती, आणि हात स्वस्थ बसेनात. दोन पाकिटं हळद आणि चार किलो मीठ.

“मासा रात्रभर घरात आणि हळद-मीठ नाही? माझ्या आईने मला बाहेर काढलं असतं.”

काका त्या माशांपेक्षा पिवळे पडले. “मीठ! वल्लरी, मीठ! त्या कारखान्याने तीस वर्षं ओढ्यात हेच ओतलं!”

“त्यांचं वाईट होतं. माझं जाडं मीठ आहे.”

मग धुणं. मी आणि काका ड्राइव्हवेवर, पावसात, बागेचा पाइप धरून. एकेक मासा अंघोळ घातल्यासारखा. काकू खिडकीतून, “गो बाय, कल्ल्यांत बोट घालून धू!” आणि ते सगळं पिवळंधमक पाणी उतारावरून गेलं रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत. जाळीशेजारी निळ्या रंगाने मासा काढलाय आणि खाली लिहिलंय की हे पाणी थेट ओढ्यात जातं, फक्त पाऊस जाऊ द्या. असे एकशे बारा निळे मासे या गावात काकांनी स्वतः रंगवलेत, गुडघ्यांवर बसून.

समोरच्या डेलने प्रदूषणाच्या नंबरवर फोन केला. तो नंबरही दारोदार काकांनीच वाटलेला. अर्ध्या तासात काउंटीचा माणूस हजर. पिवळं पाणी बाटलीत भरलं, हुंगलं. “सर, व्हॉट इज धिस?” काका म्हणाले, “टर्मरिक.” तो म्हणाला, “लाइक, द लाटे?” म्हणजे इथल्या कॅफेतलं हळदीचं दूध. काका एक तास त्याच्याशी बोलत होते. शेवटी त्याने तंबी दिली, लेखी. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. काका एवढेसे झालेले मी कधी पाहिले नव्हते.

त्या गडबडीत मासे घेऊन ओढ्यावर मला एकटीलाच जावं लागलं. व्हॅनचं मागचं दार उघडलं, बागेची कात्री घेतली आणि कापत सुटले. शेपट्या बादलीत, मासे पाण्यात. मध्येच समोरच्या झाडावर गरुड! पांढऱ्या डोक्याचा. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मी त्याला एक मासा टाकून पाहिला, तो ढिम्म. मग दुसरा, जरा जवळ. असं बराच वेळ चाललं. मग पाऊस वाढला, उरलेले भराभर उरकले आणि घरी आले. काकांनी विचारलं, “झालं?” मी म्हटलं, झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिसले! सॅमन!

काउंटीची बाई म्हणजे प्रीता. तिशीची असेल, जन्म इथलाच, आईवडील ठाण्याचे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. ती आज तपासणीला आली होती. पाइपाच्या खाली सात मेलेले सॅमन, शेपट्या शाबूत. मोठे, पोहत आलेले. तिने येऊन काकांच्या दारावरची बेल दाबली आणि नुसती सात बोटं दाखवली.

काका जिन्यातच बसले. मग उठले आणि सोळा पायऱ्या चढून वर गेले, का ते कुणालाच कळलं नाही, आणि परत खाली आले. “सात! वल्लरी, सात!”

“टू ऑफ देम वेअर काइंड ऑफ यलो,” प्रीता म्हणाली. “फंगस, प्रॉबेब्ली.”

काकूंनी शिरा केला. काकांनी आयुषला फोन लावला. अपर्णाला, म्हणजे सुनेला, वेगळा लावला. दुकानातल्या बोर्डावर नवा कागद: ‘सात आले.’ मला म्हणाले, “चिकाटी!” आणि डोक्यावर हात ठेवला.

फार छान वाटलं. रोज गेले नाही तरी वाटलं.

१३ नोव्हेंबर

काकू म्हणाल्या, गॅरेजात अजून काही तरी मेलंय. शोधलं. टेबलाखाली माझी बादली. शनिवारची. फेकायची राहिलेली.

शेपट्या मोजल्या. तेहतीस.

परत मोजल्या, चिमट्याने, वर्तमानपत्रावर मांडून. तेहतीस.

चाळीस वजा तेहतीस हे मला येतं. आठवीपर्यंत नागपूरला होते, गणित बरं होतं.

तो गरुड.

१४ नोव्हेंबर

आज सांगणार होते. काकांनी माझ्यासाठी नवे मोजे आणलेत, लोकरीचे, पाण्यात चालायचे.

१५ नोव्हेंबर

आज सांगणार होते. दुपारी प्रीताचा मेसेज: अहवाल सोमवारनंतर वर जाईल, पिकल क्रीक यादीत पहिला.

सांगितलं नाही तर? पूल होईल. पूल झाला की मासे येतील, आणि आले की कुणाला काय कळतंय ते आधी आले का नंतर. खरं तर हा खोटेपणासुद्धा नाही, नुसता ॲडव्हान्स आहे. हे मी बदकालाही समजावून सांगितलं. ते निघून गेलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काकूंना सांगितलं. गॅरेजमध्ये, त्या हॉटप्लेटवर मांदेली तळत होत्या. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी एक मांदेली माझ्या हातावर ठेवली.

“मग काय झालं? सात तर सात. मेलेल्याला कोण विचारणार, कुठून आलास?”

मी म्हटलं, म्हणजे नको सांगू?

त्यांनी तव्यावरची पुढची उलटली. “नऊ वर्षं हा माणूस त्या ओढ्याचे आकडे घेऊन येतो. पाणी किती गार, किती गढूळ. एकदा आकडा चुकीचा गेला म्हणून ख्रिसमसच्या सकाळी काउंटीला ईमेल केली. दुरुस्तीची. तिकडे वाचायलाही कोणी नव्हतं.” मग म्हणाल्या, “त्याला पूल मिळू दे असं मला वाटतं. फार वाटतं. म्हणून मला विचारू नकोस.”

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. जेवणानंतर सांगणार होते, म्हणजे माझ्यामुळे कुणी उपाशी राहू नये, पण तेवढा धीर धरवला नाही. काका जेवले नाहीतच.

आधी त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग बादली दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि स्वतः मोजल्या. बोट लावून, एक, दोन, पुण्याच्या शाळेत मोजतात तसं. तेहतीसवर थांबले. चष्मा काढला.

“गरुड?”

“हो, काका.”

“मोठा होता?”

“खूप.”

शेपट्या परत बादलीत भरल्या. मग म्हणाले, “प्रीताला तू सांगायचं. मी सांगितलं तर तुझी चूक राहील. तू सांगितलंस तर मोजणी राहील.” मला नीट कळलं नाही, पण हो म्हटलं. मग त्यांनी जाऊन दुकानातल्या बोर्डावरचा कागद काढून आणला. पायी, पावसात, एक मैल.

१८ नोव्हेंबर

काउंटीचं ऑफिस. प्रीतासमोर बसले आणि शेपट्यांचं सांगितलं. मग तोंड उघडलंच होतं, तर ती शून्यंही सांगितली. सप्टेंबरची सहा, ऑक्टोबरची नऊ. टॅकोमाचंही सांगितलं. ती टाइप करता करता थांबली.

“सो द झीरोज आर फेक, अँड द सेव्हन आर ऑल्सो फेक.”

मी म्हटलं, मधली काही खरी आहेत.

तिने कपाळ टेबलावर टेकवलं. तसंच ठेवून म्हणाली, “थँक यू फॉर टेलिंग मी. आय हेट इट.” मग उठली आणि मला स्वतःचा टिफिन अर्धा दिला. पोळी-भाजी होती. “तीसपर्यंत वेळ आहे,” असं चक्क मराठीत म्हणाली. “रोज जा. खरंच जा. मी पण येते, शुक्रवारी.”

मला वाटलं होतं हाकलून देतील. सवय आहे मला हाकललं जाण्याची, त्यानंतर काय करायचं तेही माहीत आहे. हे नवीनच.

२० नोव्हेंबर

गेले. सहाला उठून. शून्य.

पाइपाच्या वरच्या तोंडाशी काड्या, चिखल आणि गवत अडकलं होतं, पाणी तुंबलेलं. दाताळं आणून सगळं ओढून काढलं. तास लागला. पाणी घळघळ सुटलं. केवढं समाधान! नोकरीत नव्हतं सांगितलेलं, तरी केलं.

२१ नोव्हेंबर

गेले. शून्य. प्रीताही होती, तिलाही शून्य. पाइप परत तुंबलेला! कालच्यापेक्षा जास्त. साफ केला.

काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात: मीठ दे, दार लाव.

२३ नोव्हेंबर, रविवार

परत तुंबलेला. आता माझा संशय डेलवर आहे. त्याच्या अंगणात तशाच फांद्या आहेत, आणि हळदीपासून तो आमच्याकडे बघतही नाही. सगळं साफ केलं. हाताला फोड आले. कुणाला दाखवायला नव्हते, म्हणून पप्पांना फोटो पाठवला. त्यांनी उलट मेसेज केला: ‘हे तुझेच हात आहेत का?’

२४ नोव्हेंबर

इंग्रजीत पाटी करून पाइपापाशी ठोकली. ‘कृपया येथे फांद्या टाकू नयेत. आम्ही मासे परत आणण्याचा प्रयत्न करत आहोत.’ खाली हसरा चेहरा काढला, उगाच भांडण नको.

२५ नोव्हेंबर

पाटी त्या तुंबलेल्या फांद्यांतच आहे! आडवी घातलीय, वर चिखल थापलाय, हसऱ्या चेहऱ्यावर तर जास्तच.

एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. तिरमिरीत डेलच्या दारात गेले. तो पायजम्यात बाहेर आला. म्हणाला, “लेडी, आय हॅव अ हर्निया.” पट्टा दाखवला. म्हणजे तो नाही.

साफ केला. दोन तास लागले. शून्य.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

आयुष आणि अपर्णा डब्लिनहून आलेत, खोकी आणि टेप घेऊन. आयुषने सगळ्या घराला रंगीत स्टिकर लावलेत: हिरवा म्हणजे न्यायचं, लाल म्हणजे विकायचं. काकांच्या छातीपर्यंतच्या रबरी पॅन्टला लाल. काकांनी तो काढून आयुषच्या पाठीवर लावला. तो दिवसभर तसाच फिरत होता, कुणीच सांगितलं नाही.

सकाळी ओढ्यावर जाऊन आले, पण आयुषने लगेच हाक मारली, तळघर आवरायला ये. पाइप साफ करायचा राहिला.

काका आज स्वतःहून बोलले. “किती?” शून्य, काका. “गेली होतीस?” गेले होते. त्यांनी मान हलवली आणि मला त्यांच्या ताटातलं बटाट्याचं भजं दिलं.

२९ नोव्हेंबर

दोन दिवस खोकी. ओढ्यावर पळत जाते, मोजते, पळत येते. पाऊस थांबत नाही. पाइपाकडे बघायलाही वेळ नाही. शून्य.

३० नोव्हेंबर, रविवार

शेवटचा दिवस. काका म्हणाले, आज मीही येतो. आयुष नको म्हणाला, अपर्णाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. काकांनी ती रबरी पॅन्ट घातली. खालून पाइपापर्यंत दीड मैल, हळूहळू. प्रत्येक वळणावर थांबून ते मला सांगत होते: हा दगड आम्ही आणला, ही झाडं अमक्या साली लावली, इथे सोळा टायर निघाले. पाणी काचेसारखं. मी प्रत्येक डबक्यात वाकून पाहिलं. एक तरी. अर्धा तरी.

पाइपापाशी पोचलो. वरून पाणी फारच कमी पडत होतं. माझ्या लक्षात आलं, वर तुंबलं असणार, पण काका खालच्या डबक्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडून वही घेतली आणि शून्य स्वतःच्या हाताने लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

“हे खरं आहे,” म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून परत निघाले.

मला रडू आलं. गरुडाला शिव्या दिल्या, पण मनापासून नाही.

१ डिसेंबर

प्रीताने कळवलं. पूल दुसऱ्या ओढ्याला. तिने फोन केला, मेसेज नाही. काका म्हणाले, “त्या ओढ्यात आले का?” आले म्हणाली, चौदा. “मग बरोबर आहे,” काका म्हणाले, आणि त्या ओढ्याची माहिती विचारत बसले.

माझी बॅग भरली. सांता क्लाराला एकजण घोड्यांकडे बघायला माणूस शोधतोय. रात्रभर पाऊस.

२ डिसेंबर, मंगळवार

रस्ता गेला!

सकाळी भोंगे. तुंबलेल्या पाइपामागे तळं भरलं, रस्त्यावरून वाहायला लागलं, आणि खालचा गंजका पाइप बसला, वरच्या डांबरासकट. दोन्हीकडे पिवळी फीत, काउंटीच्या गाड्या. मला वाटलं आता माझं काही खरं नाही, मीच साफ केलं नव्हतं. जाऊन रस्ते खात्याच्या बाईला सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, तू रोज हाताने काढत होतीस? एकटी? मग तिने टॉर्च तळ्याकडे धरला. ओलं, तपकिरी, गलेलठ्ठ काही तरी तोंडात फांदी धरून आमच्याकडे बघत होतं, माझ्याइतक्याच वैतागाने. बीव्हर, फांद्या आणि चिखल रचून ओढे अडवणारा प्राणी. मादी आहे. या ओढ्यात साठ-सत्तर वर्षांत पहिली.

ती राहणार, असं बाई म्हणतात. आणि ती राहणार म्हणजे इथे पाइप टिकणार नाही, कुठलाच. पूलच बांधायचा, येत्या उन्हाळ्यात. ते रस्ते खातं आहे, त्यांना मासे दाखवावे लागत नाहीत.

काका काठावर उभे आहेत, छत्री उघडायची विसरून. आयुष म्हणतोय, बाबा, चला, भिजताय. काका म्हणतायत, थांब, मोजू दे, आत अजून एक बीव्हर दिसतोय. आणि काकू घरून निरोप पाठवतायत की पाहुणी काय खाते ते आधी विचारा, या वेळी हळद लावणार नाही.